विहिरीच्या सिनेमाला पहिला नंबर

तुझ्या दहाव्याला, तुमच्याच तलावाच्या पाळीवर, साऱ्या गावाच्या देखत मी विहिरीच्या सिनेमाला पहिला नंबर देऊन टाकला.

सोमा, चूक सर्वस्वी माझी आहे. कावळ्याला दोष देऊन उपयोग नाही, तरी मी देतोच. पळसाच्या पत्रावळीवर पिंड मांडून बराच वेळ झाला होता, ऊन चढत चाललं होतं आणि तो कावळा समोरच्या मोहाच्या झाडावर बसून आमच्याकडे असा बघत होता, जसा आमच्या गिरणीचा मालक उशिरा आलेल्या हमालाकडे बघतो. तुझा मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, मायची काळजी करू नका." कावळा हलला नाही. तुझा चुलतभाऊ म्हणाला, "पाळ खचली आहे, थे यंदा मीच बांधून घेतो." कावळ्यानं फांदीला चोच पुसली. तुझा साळा म्हणाला, "पोरीच्या लग्नात काई कमी पडू देत नाही." कावळ्यानं सरळ आमच्याकडे पाठ केली. पाळीखाली वरण उकळत होतं. तुझ्या जाण्यानं कळवळलेली माणसं माना वळवून वळवून त्या वासाकडे बघत होती. मला शिसारी आली. मग माझ्याही पोटात गुरगुरलं आणि आणखी शिसारी आली.

तेवढ्यात तुझे मामा माझ्याकडे वळले. "मुकुंदबाबू, तुमचा त्याचा काई वाद राहिला होता म्हणतेत ना? थो सिनेमाचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुझी बायको पाहत होती. भूक लागलेले सगळे पाहुणे पाहत होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "सोम्या, विहिरीचा पहिला. झालं समाधान? जा आता."

आणि तो हलकट पक्षी आला रे. फांदीवरून सुटला तो थेट पत्रावळीवर.

"लय मोठा वाद होता बापा," मागून कोणीतरी म्हणालं आणि माणसं पंगतीकडे चालू लागली.

मी रडलो. लोकांना वाटलं, जिवाभावाचा मित्र गेला म्हणून. ते होतंच. पण त्यातलं निम्मं रडू हरल्याचं होतं. जन्मभर जे तू माझ्याकडून वदवून घेऊ शकला नाहीस, ते मेल्यावर एका कावळ्याला हाताशी धरून वदवून घेतलंस. आणि त्यावर उत्तर द्यायला मला जागाच ठेवली नाहीस.

पंगतीत छोटेलाल माझ्या शेजारी येऊन बसला. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रांत गावोगाव सिनेमाचा तंबू लावणारा हा माणूस तुझ्या दहाव्यालाही पोस्टर चिकटवायला जागा शोधत आला असावा, असं मला आधीच वाटत होतं. भाताचा घास तोंडात ठेवून तो म्हणाला, "चलो मुकुंदबाबू, फैसला हो गया. दोनों एक हो गये."

"कसले एक?"

"भूल गये? मैंने कहा था, तुम दोनों जिस पर एक हो जाओगे, चश्मेवाले के सिनेमों में से वही लाऊंगा. अब मंडई में सोमाजी के नाम से विहिरवाला लगेगा. बोर्ड पर नाम भी लिखवाता हूं."

मी म्हणालो, तसं नाही, ते मी कावळ्यासाठी बोललो. त्यानं बोटं चाटली. "पिंड के सामने बोले ना आप? अब मरे आदमी से पलटोगे?"

आजूबाजूचे चार जण जेवायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले. मी वरण मागितलं.

आता तुझ्या नावानं तो सिनेमा लागणार. तुझ्या गावात, तुझ्या माणसांसमोर. आणि मंडईला माहेरी येणारी तुझी बहीण पारबता बायकांच्या बाजूला बसून बघणार, की कपाळ पुसलेल्या बाईनं किती सुंदर रीतीनं मरावं. भावाच्या आठवणीखातर. सोमा, माझ्या घशाखाली तो भात उतरला नाही. उतरला, पण चव लागली नाही.

आपला हा वाद कुठून सुरू झाला ते तुला सांगायची गरज नाही, मला मात्र पुन्हा एकदा मांडून बघायची आहे. तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावर लिहून येणाऱ्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवायला छोटेलालच्या बापानं मला ठेवलं होतं, कारण गोंदियात माझा आवाज प्रसिद्ध होता. माझे डोळे अधू आहेत हे प्रसिद्ध नव्हतं आणि चश्मा लावला तर पोरी हसतील अशी मला भीती होती. तेव्हा मला दिसेल तेवढं मी वाचत होतो आणि बाकीचं मनानं जोडत होतो. त्या सिनेमात कापडाचा हत्ती होता. देव हत्तीवर बसून काहीतरी म्हणाला. मी छाती फुगवून ओरडलो, "हे राक्षसा, तुझा काळ जवळ आला!" तर पुढच्या रांगेत जमिनीवर बसलेला एक धिप्पाड माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "ओ बाबू, समोर त्याची माय उभी आहे. मायले राक्षस काऊन म्हणून राहिले?"

तो तू होतास. तंबू हसून हसून लोळला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर तू भेटलास, आमगावच्या गाडीची वाट बघत. मी तोंड फिरवलं. तू म्हणालास, "राग नोको मानू बाबू. तुमचा सिनेमा बरा होता, त्याच्यापेक्षा." एवढ्यावर आपली दोस्ती झाली, हे सांगायला मला आजही लाज वाटते. स्तुतीला मी नेहमीच स्वस्तात विकला गेलो आहे.

हत्तीचा तो सिनेमा चश्मेवाल्यानं बनवलेला पहिला. त्याचं खरं नाव आपण कधी घेतलं नाही. पोस्टरच्या कोपऱ्यात त्याचा गोल चश्म्याचा फोटो असे, म्हणून तो चश्मेवाला. सिनेमांची नावंही आपण आपलीच ठेवली होती. हत्तीचा, गाडीवानाचा, दोन भावांचा, नाचाचा, विहिरीचा, साधूचा. एक नवा आला की जुने पुन्हा मांडायचे, वरखाली करायचे. हत्तीचा आपण दोघंही खाली ठेवायचो, पण प्रेमानं, जसं घरातल्या वेड्या काकाला मागच्या खोलीत ठेवतात. दोन भावांचा मध्ये. त्याच्यावर कधी भांडण झालं नाही, म्हणून त्याच्यातलं आता काही आठवतही नाही. तुझ्या-माझ्यात एकमत न होण्याचा फायदा असा झाला, की छोटेलाल दर मंडईला नाचाचा आणत राहिला. तो बघून बघून त्या नाचणारीची कंबर माझ्या स्वप्नात येते आणि मला किळस येते. तुला हसू यायचं. "कंबर सपनात येते म्हणतोस, अना तोंड वाकडं करून सांगतोस," तू म्हणायचास.

माझा पहिला नंबर गाडीवानाचा. तुला हे मान्य नव्हतं, पण ऐक, आता तरी मध्ये बोलू शकत नाहीस. त्या सिनेमात काहीच होत नाही. गाडीवान दिवसभर लोकांचे बोचके वाहतो, शिव्या खातो, संध्याकाळी गाडीतच झोपी जातो आणि बैल आपले आपण वाट धरून त्याला घरी नेतात. शेवटी नुसती गाडी, धूळ आणि बैलांच्या पाठी. बस. मला वाटायचं, चश्मेवाल्याला एकदाच, चुकून का होईना, माणूस दिसला.

"बैल घरी जातेत हे पाहाले मी तिकीट काऊन काढू?" तू विचारायचास. "माझे बैल मले फुकट दाखवतेत."

चांगल्या सिनेमाच्या बाजूनं बोलायला मला कधीच शब्द सापडले नाहीत. वाईटाबद्दल मात्र मी बसल्या बसल्या गावजेवण होईपर्यंत बोलू शकतो.

साधूचा तर मी शेवटी टाकला असता, विहिरीचा तिथे टाकून ठेवला नसता तर. डोक्यामागे पितळी परात धरल्यासारखं तेज घेऊन फिरणारा तो गुळगुळीत साधू! माणसाच्या तळव्यांना माती लागत नाही म्हणजे काय? मी तुला म्हटलं होतं, चश्मेवाल्याला पैसा मिळाला आणि त्याची माणसं धुतल्यासारखी झाली. ती घामेजत नाहीत, खाकरत नाहीत, त्यांना भूक लागत नाही. त्यांना फक्त गाणी येतात. ज्या हातानं त्यानं बैलांच्या पाठी दाखवल्या, त्याच हातानं तो साधू घडवला, याचा मला इतका वीट आला होता, की पोस्टरवरच्या त्याच्या चश्म्यावर मी पानाची पिंक टाकली. नेम चुकला. ती छोटेलालच्या धोतरावर गेली. पण तू त्याला सांगितलंस, की पिंक तूच टाकलीस. तेव्हापासून तो तुला घाबरून असायचा आणि मला हसायचा.

आता विहिरीचा.

तुमच्या गावची मंडई. तंबूबाहेर इंजिन धडधडतंय, आत बिड्यांचा धूर, तेलकट डोकी, शेंगांची टरफलं, कोणीतरी कोपऱ्यात थुंकतंय. बायकांची बाजू कनातीपलीकडे. तू, मी आणि मध्ये तुझे बाबा, खास पटका बांधून आलेले. तुमच्या घराण्यानं चार गावांचे तलाव बांधले, मालगुजारासारखा जमीनदारही त्यांना बसायला पाट देतो, हे ते दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगायचे. पडद्यावर ती पोर. पांढऱ्या लुगड्यातली. सासरचे तिला उपाशी ठेवतात, ती हसते. दिराचा मित्र तिच्याकडे बघतो, ती खाली बघते. मग एक पहाट, विहीर, गळ्यातली तुळशीची माळ ती काठावर काढून ठेवते आणि जाते. पाण्याचा आवाजसुद्धा नाही, सोमा! सतार वाजते. आणि मग विहिरीत कमळं उगवतात. पांढरी. एक, मग दुसरं, मग पुरी विहीर भरून. आणि जिनं तिला जेवू घातलं नव्हतं ती सासू येऊन हात जोडते, आणि चश्मेवाला त्या हातांवरून कमळांवर जातो, कमळांवरून आभाळावर.

मी लहान असताना फुलचूरला आमच्या शेजारची बायजा विहिरीत सापडली होती. हे तुला मी सांगितलं आहे, आणखी कोणालाही नाही. दोन दिवस पाण्यात होती. चार माणसांनी दोर लावून वर काढली तेव्हा त्यांनी तोंडाला फडकी बांधली होती. तिचं तोंड मी पाहिलं आणि ते तोंड नव्हतं. कमळबिमळ काही उगवलं नाही. पाणी उपसलं, चुना टाकला आणि महिन्याभरात बायका त्याच विहिरीवर उभ्या राहून म्हणत होत्या, अजून वास येते बाई. लोकांना तिच्यापेक्षा पाण्याचं दुःख जास्त होतं.

म्हणून कमळं उगवली तेव्हा मला उमळून आलं. आणि आजूबाजूला बघतो तर सगळा तंबू रडत होता. मजेत रडत होता. बिडी एका हातात, डोळे दुसऱ्या हातानं पुसणं चाललेलं. तुझे बाबा तर पटक्याच्या टोकाचा बोळा तोंडात धरून हुंदके देत होते. आणि घरी तुमच्या पारबतेला, ऐन विशीत नवरा गेला म्हणून परत आलेल्या पोरीला, याच माणसानं सणाच्या दिवशी चुलीजवळ बसवून ठेवलं होतं. विधवेचा पाट लावायची, दुसऱ्यांदा संसार मांडून द्यायची रीत तुमच्या लोकांत होती. पण आपण आता मालगुजाराच्या बरोबरीचे, आपल्या घरी पाट लागत नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. मला ते पाणी बघवेना. डोळ्यांतलंही आणि विहिरीतलंही. मी उठलो. लोकांचे पाय तुडवत, शिव्या खात, संतापानं फणफणत बाहेर निघालो आणि बाहेर पडता पडता तंबूच्या दोरीत पाय अडकवून मेख उपटून काढली. कनात बायकांच्या बाजूवर धाडकन आली. किंकाळ्या, पोरांची रडारड, छोटेलाल काठी घेऊन मागे. माझा निषेध असा पार पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर तू आलास. मी म्हणालो, "साफ शेवटचा नंबर." तू बशीतला चहा फुंकलास. म्हणालास, "नाही. पहिला."

मला वाटलं तू चिडवतोस. "त्या कमळांना पहिला?"

"हो."

"काऊन?"

"तुले नाही समजणार."

बायजाचं तोंड तुला ठाऊक असून तू हे म्हणालास. त्या दिवशी मी तुझ्याशी बोललो नाही, चहाचे पैसेही दिले नाहीत. त्यानंतर किती वेळा विचारलं, आठव. भांडून विचारलं, दारूच्या गुत्त्यावर गोडीनं विचारलं. तू एकच ठेका धरलास. तुले नाही समजणार. तुझ्या या तीन शब्दांची मला शेवटी त्या कमळांहून जास्त चीड यायला लागली. शेवटच्या तापातही मी उशाशी बसून म्हटलं, "सोम्या, आता तरी खालचा दे." तू डोळे न उघडता बोट वर केलंस. एक. मी उठून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तू झोपला होतास, आणि त्या झोपेतून तू उठला नाहीस. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं ते. ना राम राम, ना पोराबाळांकडे बघ. एक बोट.

बरं, आता ऐक. छोटेलालला थांबवायला मी काय काय केलं त्याचा हिशेब नको. गाडीवानाचा लाव म्हणून पाय धरायचे बाकी ठेवले. तो म्हणाला, बैल कोण बघतं. तुम्ही दोघं सारखंच बोलता, हे त्याला ठाऊक नाही. मग मी ठरवलं की या जगात आता एकच माणूस याला थांबवू शकतं. पारबता. तिनं नाही म्हटलं, की बहिणीच्या शब्दापुढे पिंडही गप्प बसेल. सकाळच्या गाडीनं सालेकशाला उतरलो. पुढं जंगलातून तिच्या गावापर्यंत चालताना मी मनात भाषण तयार केलं. फार सुंदर भाषण होतं, सोमा. बायजासुद्धा घातली होती त्यात.

पारबता अंगणात खळं सारवत होती. कोपरापर्यंत हात शेणात. लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता, नवरा शेतावर होता. तुझ्यासारखंच रुंद कपाळ, त्यावर मोठं कुंकू. मला बघून तिनं हात तसेच ठेवले, उठलीही नाही. "या भाऊ. पानी घ्या तिथलं, माझे हात असे आहेत. काऊन आले?"

मी भाषण सुरू केलं. तिनं अर्धं ऐकलं.

"म्हणजे थो विहिरीवाला दादाच्या नावानं लावून राहिले?"

"तू नाही म्हण. मी सांगतो छोटेलालला."

"मी काऊन नाही म्हणू?"

"अगं पारबता, तो सिनेमा... तू पाहिलास का तो?"

"पाह्यला ना. बेकार होता."

सोमा, मी उडालोच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या घरातलं कोणी माझ्या बाजूनं बोललं होतं. "बेकार ना? मी सोमाला हेच सांगत होतो!"

"घाण होता," ती म्हणाली आणि शेणाचा हात जमिनीवरून फिरवला. "त्या बाईचं माहेर दोन कोसावर होतं, सिनेमातच सांगतलं होतं. निंघून जायाचं तं उडी मारून राहिली. अना थे फुलं! कोन्या विहिरीत पाह्यले तुमी फुलं?"

मला तिच्या शेणाच्या हाताला हात लावून नमस्कार करावासा वाटला. "मग सोमानं त्याला पहिला नंबर काऊन दिला? तुझ्यासमोर? त्याला लाज नाही वाटली?"

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली, जसं माणूस तिठ्यावर रस्ता चुकलेल्या पाहुण्याकडे बघतं.

"तुमाले नाही ठाऊक?"

"काय?"

"खरंच नाही ठाऊक? त्यानं तुमाले नाही सांगतलं?"

मग तिनं सांगितलं. मी इथे तिच्याच क्रमानं लिहितो, कारण तू कधी लिहिणार नव्हतास आणि सांगणारही नव्हतास.

कमळं उगवली. मी उठून लोकांचे पाय तुडवत बाहेर निघालो, तेवढ्यात सिनेमा संपला, कंदील आला. तुझे बाबा अजून हुंदके देत होते. आणि तू, ज्यानं बापासमोर कधी मान वर केली नाही, त्या भरल्या तंबूत म्हणालास, "बाबा, इच्यासाठी एवढे रडून राहिले. घरी एक बसली आहे, तिच्यासाठी कवा रडता?"

"मी या बाजूनं कनातीले लागूनच होतो, मायजवळ," पारबता म्हणाली. "चुलीजवळून उठवून दादानंच आनलं होतं मले. सारं आयकू आलं. मले वाटलं, आता बाबा त्याचा जीव घेते. अना त्याचं बोलनं संपते तोच कनात आली ना माझ्या डोकशावर."

मी पाण्याचा गडवा उचलून तोंडाला लावला.

"सारे लोकं तिकडं पराले. दादा काय बोलला थे बाबा अना आमच्याबिगर कोनाच्या ध्यानातच नाही आलं. लोकाईनं आयकलं असतं तं बाबा हट्टाले पेटला असता, मले जन्मभर चुलीजवळच ठेवलं असतं. बाबा घरी येऊन दोन रोज जेवला नाही. मंग म्हणे, पाहा एखादं स्थळ."

त्या वर्षी होळीच्या आधी पारबतेचा पाट लागला. मी जेवायला होतो. बुंदी मागून मागून खाल्ली आणि तुझ्या बाबांना म्हटलं, तुमचं मन कसं वळलं हो? ते म्हणाले, देवाची मर्जी. मी मान डोलावली. तू तेव्हा वाढत होतास. माझ्या पानात बुंदी टाकताना तू हसलास, ते मी बुंदीसाठीचं हसू समजलो.

"पण त्यानं मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज चिरकला असावा, कारण तिनं हातातलं काम सोडलं.

"बाबाची लाज होती. बाबा मरेपर्यंत थो कोनाले बोलला नाही."

"बाबा गेल्यावर?"

"तुमी विचारलं काय?"

"हजार वेळा विचारलं!"

"तुमी नंबर विचारला, भाऊ," पारबता म्हणाली.

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. सोमा, त्या क्षणी मला तुझी इतकी चीड आली, इतकी चीड आली, की तू समोर असतास तर मी तुला मिठीच मारली असती. माझ्या मनाला त्या कमळांची किळस अजून येते. ती कमी झालेली नाही, होणारही नाही. बायजाचं तोंड मी खोटं म्हणणार नाही. तो सिनेमा माझ्या लेखी चश्मेवाल्याचा सगळ्यात घाणेरडा सिनेमा आहे आणि चश्मेवाला स्वतः समोर आला तरी हे सांगीन. पण माझ्या लाडक्या बैलांनी आजवर एका गाडीवानापलीकडे कोणाला घरी नेलं नाही, हेही मला कबूल करावं लागलं. तू सिनेमाला नंबर देतच नव्हतास. आणि मी कित्येक वर्षं तुझ्याशी सिनेमावरून भांडत होतो. तू ते भांडण मजेत चालू ठेवलंस, माझ्यासाठी, जसं पोराला खेळायला एखादी जुनी वस्तू देतात. यासाठी तुझे आभार मानावेत की तुझ्या नावानं बोटं मोडावीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मग छोटेलालला काय सांगू?" मी विचारलं.

"लावू द्या."

"पारबता, पुन्हा सगळे रडतील. मजेत."

"रडू द्या ना. आमच्या माहेरात आजही दोघीजनी घरी बसल्या आहेत. एक तं तेव्हाच्या माझ्यापेक्षा लहान आहे. दोघीईचे बाप येतेत सिनेमाले. रडतीन. माणूस रडून राहिला का मंग त्याले विचारता येते. कोरडा असला का नाही विचारता येत."

ती पुन्हा सारवायला लागली. मला कळलं, ती काय मागते आहे. तू नाहीस. कंदील आल्यावर कोणीतरी त्या दोन बापांजवळ जायला हवं. मला वाटलं, हेच राहिलं होतं. त्या वेळी मी बाहेर निघून गेलो होतो. या वेळी मी बसून राहीन, कमळं पूर्ण उगवू देईन, ओकारी गिळीन आणि तुझ्या जागेवरून उठून विचारीन. मनात शब्दही जुळायला लागले. चांगले शब्द होते.

"पारबता," मी उभा राहत म्हणालो, "तू काळजी करू नको. मी विचारतो त्यांना. सोमाच्या नावानं."

तिनं मान वर केली. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

"तुमी नोको," ती म्हणाली. "मी येतो ना मंडईले, मी विचारतो. तुमी सिनेमा पाहा. दुसरं काई येते का तुमाले?"